कोंड्याचा मांडा

'हलका' हा शब्द आपल्या भाषेत फारसा मानाचा नाही. हलका माल, हलके काम, हलक्या मनाचा माणूस, हलक्या कानाचा अधिकारी, अशा संगतीतच तो बहुधा आढळतो. एका स्वयंपाकघरात मात्र त्याचे दैव पालटते. पोळी हलकी झाली की ती करणारीची वाहवा होते आणि वडा जड झाला की तो न बोलता ताटाच्या कडेला सरकवला जातो. आज मी आपल्याशी बोलणार आहे तो या दुसऱ्या हलकेपणाविषयी, आणि तोही पावाच्या. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा पाव घरच्या घरी, पावाच्या यंत्रात करावा आणि तो हलका व्हावा, ही माझी गेल्या दोन वर्षांची खटपट आहे. ज्याचा सारा दिवस टिप्पण्या लिहिण्यात जातो, त्या सरकारी नोकराने हा विषय का निवडावा, असे आपल्या मनात येईल. त्याचे कारण आमचे नाना.

नाना म्हणजे माझे वडील. १९७० साली ते म्हापशाच्या एका शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि निवृत्तीपर्यंत गोव्यातच राहिले. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवीत दारावरून जाई. त्याच्या टोपलीत पावाबरोबर पोईही असे. पोई म्हणजे जाडसर पिठाची, आतून पोकळ, वर कोंडा भुरभुरलेली चपटी भाकरी म्हणा ना! ती चहात बुडवून खाल्ल्यावाचून नानांचा दिवस उजाडत नसे. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, चतुर्थांशाशी त्याचा काही संबंध नाही, हे त्यांनी आम्हा भावंडांना व्याकरणाच्या पहिल्या धड्याइतक्या गांभीर्याने सांगितल्याचे मला आठवते.

आई गेल्यानंतर नाना आमच्याकडे दिल्लीला आले. इथे पोदेर नाही. त्यातच त्यांच्या पोटाची तक्रार सुरू झाली, आणि डॉक्टरांनी मैदा बंद करून कोंडायुक्त अन्न वाढवण्यास सांगितले. पोळी होतीच, परंतु सकाळच्या चहाबरोबर पोळी हे नानांच्या हिशेबी जेवण होते, न्याहारी नव्हे. बाजारात 'ब्राउन ब्रेड' म्हणून जो मिळतो, त्याच्या वेष्टणावरील बारीक अक्षरे मी एकदा भिंग लावून वाचली. मैदा पहिला, गव्हाचे पीठ दुसरे, आणि तो तपकिरी रंग जळक्या साखरेचा! सगळेच उत्पादक असे करतात असे नाही. पण वेष्टण वाचल्यावाचून घेऊ नये, एवढे मी शिकलो. मग दिवाळीत आम्ही पावाचे यंत्र घेतले.

हे यंत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. भात शिजवण्याच्या विजेच्या भांड्याएवढी एक पेटी. तिच्या आत एक उभट भांडे, भांड्याच्या तळाशी एक लहानसे फिरते पाते. पीठ, पाणी, यीस्ट, मीठ घालून झाकण लावायचे आणि कळ दाबायची. यंत्र पीठ मळते, उबेत फुगू देते, पुन्हा थोडे मळते, पुन्हा फुगू देते आणि त्याच भांड्यात भाजते. साडेतीन-चार तासांनी पाव तयार. निदान सोबतच्या पुस्तिकेत तरी असेच लिहिलेले असते.

पहिल्या दिवशी जो पाव निघाला, त्याची उंची मी फूटपट्टीने मोजली. ती सात सेंटिमीटर भरली. वजन मात्र पाऊण किलो! सुरीने कापताना लाकूड कापल्याचा भास झाला. नानांनी पहिला तुकडा चहात बुडवला, कवळीखाली धरला, थोडा वेळ प्रयत्न केला आणि बशीत ठेवून दिला. "चांगला आहे," ते म्हणाले. नाना खोटे फारसे बोलत नाहीत. त्यामुळे ते बोलले म्हणजे ओळखू येते. दुसऱ्या दिवशी त्यांनी न्याहारीच केली नाही. भूक नाही म्हणाले. पुढचा आठवडाभर त्यांची भूक तशीच राहिली, आणि त्यांचा सदरा खांद्यावर सैल दिसू लागला तेव्हा या प्रकरणाकडे मी गमतीने पाहणे सोडून दिले.

मी एक वही घातली. तारीख, पीठ, पाणी, यीस्ट, उंची, शेरा. कचेरीतील सवय. पण कचेरीत जी चूक मी कनिष्ठांना करू देत नाही तीच मी स्वतः केली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे तत्त्व सोडून मी तीन-तीन गोष्टी बदलू लागलो. यीस्ट दुप्पट केले, साखर वाढवली, शिवाय पीठही बदलले. पाव फुगला, भाजण्यापूर्वीच मध्यभागी खचला आणि वाटीसारखा निघाला. सिहोरकडच्या शरबती गव्हाची पोळी फार मऊ होते म्हणून त्याचे पीठ आणले. पाव होता तसाच. खपलीचे पीठ पौष्टिक म्हणून वापरले. तो पाव तर आमच्या बागेत कित्येक दिवस कुंडीला टेकू म्हणून होता. खपलीची खीर करावी, पावाच्या वाटेस तिला नेऊ नये. चांगल्या पोळीचा गहू तो चांगल्या पावाचा गहू नव्हे, हे कळायला मला तीन महिने लागले.

असे का होते, हे मात्र एका लहानशा प्रयोगाने चांगले उमगले. आपणही करून पाहावा. मैद्याचा एक घट्ट गोळा आणि गव्हाच्या पिठाचा तेवढाच गोळा घ्यावा, अर्धा तास झाकून ठेवावा, आणि मग पाण्याच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने धूत राहावा. पांढरे पाणी निघून जाते, ती खळ. हातात उरतो तो रबरासारखा ताणला जाणारा चिकटा. यालाच ग्लुटेन म्हणतात. मैद्याचा चिकटा एकसंध, गुळगुळीत असतो. कोंड्यासकट पिठाचा चिकटा कष्टाने गोळा होतो, आणि त्यात कोंड्याच्या कपच्या टोचलेल्या दिसतात. पावाचा सारा हलकेपणा या चिकट्यावर अवलंबून आहे. यीस्ट साखर खाऊन वायू सोडते. चिकट्याचे पातळ पडदे तो वायू फुग्यासारखा कोंडून धरतात. भट्टीच्या उष्णतेने तो फुगा आहे त्या आकारात पक्का होतो. कोंड्याची प्रत्येक कपची म्हणजे त्या पडद्याला पडलेले एक छिद्र. शिवाय कोंडा पाणी शोषतो, आणि तेही सावकाश. कणीक मळताना ती पुरेशी सैल वाटते. अर्ध्या तासाने कोंड्याने आपला वाटा ओढून घेतला की घट्ट होते. घट्ट कणीक वायूला वर उचलवत नाही. गव्हाच्या अंकुरातील काही द्रव्येही चिकट्याला दुबळा करतात, ती निराळीच.

त्यात आपल्या चक्कीच्या पिठाची आणखी एक तऱ्हा. जात्याच्या दगडांमध्ये गहू चेपून, रगडून निघतो, तापतो, आणि त्यातील पिष्टाचे कण मोडतात. मोडलेला कण अखंड कणापेक्षा कितीतरी अधिक पाणी पितो. म्हणूनच आपली पोळी मऊ राहते. पण परदेशी पुस्तिकेतील पाण्याचे माप आपल्या पिठाला अपुरे पडते, त्याचेही हेच कारण.

इथे या यंत्राच्या जन्माची कथा सांगण्याचा मोह आवरत नाही. जपानच्या मात्सुशिता कंपनीने घरगुती पावाचे यंत्र १९८७ साली बाजारात आणले. त्याआधी कंपनीचे तंत्रज्ञ मोठ्या अडचणीत होते. यंत्र पीठ मळी, पण पाव बाहेरून करपे आणि आत कच्चा राही. तेव्हा इकुको तनाका नावाच्या एका बाईंनी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शागिर्दी पत्करली. त्याचे मळणे पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की तो कणीक नुसती ताणत नाही, ताणताना तिला एक पीळही देतो. तो पीळ यंत्रात कसा आणावा, यावर पुष्कळ डोकेफोड झाली आणि भांड्याच्या आतल्या बाजूस उभ्या कडा बसवल्या गेल्या. नोनाका आणि ताकेउची या दोन जपानी अभ्यासकांनी १९९५ साली आपल्या ग्रंथात ही हकीकत सांगितली, तेव्हापासून व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून ती शिकवली जाते. मीही एका प्रशिक्षणवर्गात ती ऐकली होती आणि विसरून गेलो होतो. माझा सातवा की आठवा पाव फसला तेव्हा ती आठवली. यंत्रात हात शिरला होता तो ओसाकाच्या पाववाल्याचा. आमच्या पेठेतल्या गिरणीच्या पिठाशी त्या हाताची ओळख कोणी करून दिली होती?

ती ओळख करून दिली माझ्या सासूबाईंनी. त्या जळगावच्या. खानदेशात मांडे करतात ते आपणांपैकी अनेकांनी खाल्ले असतील. हातावर झेलत झेलत कणीक कापडासारखी पातळ करून, पुरणासकट तापल्या खापरावर टाकायची, हे काम येरागबाळ्याचे नोहे. मी दूरध्वनीवर त्यांना माझी कैफियत ऐकवली. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला.

"जावईबापू, तुम्ही कणीक भिजवता, की नुसती ओली करता?"

मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनीच समजावले. मांड्यासाठी त्या सपीठ घेतात, म्हणजे कोंडा गाळून काढलेले पीठ. ते सैल भिजवायचे, झाकून ठेवायचे, मग तेल लावून तिंबायचे, पुन्हा ठेवायचे. कणीक आपण होऊन लांबू लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही. "आम्ही कोंडा काढूनच टाकतो. तुम्हाला तो नानांसाठी हवा आहे ना? मग निदान त्याला आधी वेगळे पाणी पाजा. तहानलेला पाहुणा पंगतीत बसवलात तर तो शेजाऱ्याचा तांब्या उचलणारच."

त्या संध्याकाळी मी बारीक चाळणी काढली. चारशे ग्रॅम पीठ चाळले तर सुमारे चाळीस ग्रॅम कोंडा वर राहिला. त्यावर १२० मिलिलिटर उकळते पाणी ओतले आणि झाकून ठेवले. खाली उरलेल्या पिठात २०० मिलिलिटर साधे पाणी घालून यंत्राला पाचच मिनिटे मळू दिले आणि यंत्र बंद करून टाकले. मीठ नाही, यीस्ट नाही. मीठ कणकेला आवळते, म्हणून ते मागाहून. पाऊण तासाने झाकण उघडले तर कणीक ओळखू येईना. मघाशी जी चिमटीत तुटत होती ती आता बोटाबरोबर वर येत होती. न मळता! मग थंड झालेला कोंडा, एक सपाट चमचा मीठ, चमचाभर गूळ, दोन मोठे चमचे तेल आणि एक लहान चमचा कोरडे यीस्ट घालून पूर्ण गव्हाच्या पावाची कळ दाबली. काही यंत्रे या कळीवर सुरुवातीस पीठ आपण होऊनच मुरू देतात. त्यांच्या मालकांना एवढा खटाटोप नको. माझे यंत्र तितके समजूतदार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मळणे सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहावे. पाहू नये असे पुष्कळांना वाटते. भाजणे सुरू झाल्यावर खरोखरच उघडू नये, पण मळताना उघडल्याने काही बिघडत नाही. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा स्पष्टपणे सैल आणि थालीपिठाच्या पिठापेक्षा थोडी घट्ट असावी. पुरणपोळीची कणीक ज्यांनी हाताळली आहे त्यांना अधिक सांगणे न लगे. पाते फिरताना ती भांड्याच्या तळाला जराशी चिकटली पाहिजे. गोळा अगदी सुटा, नेटका, गरगर फिरताना दिसला म्हणजे नवख्याला आनंद होतो. मला आता धास्ती वाटते. तो नेटका गोळा म्हणजेच उद्याची वीट. अशा वेळी चमचा-चमचा पाणी घालीत जावे. दर वेळचे पीठ निराळे असते, त्यामुळे माझी ३२० मिलिलिटर ही संख्या आपण आरंभ म्हणून घ्यावी, आज्ञा म्हणून नव्हे.

त्या दिवशीचा पाव साडेदहा सेंटिमीटर भरला.

कोंडायुक्त पावाला फार मळावे लागत नाही, हे इंग्लंडमधील डोरिस ग्रँट या बाईंनी पूर्वीच सांगून ठेवले आहे. महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, त्यांचे पावाविषयीचे पुस्तक निघाले. त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे, पाव शिकत असताना त्या मळायलाच विसरल्या आणि तो पाव अधिक चांगला झाला! त्यांचा पाव सैल कणकेचा, साच्यात एकदाच फुगवून भाजलेला. तो काही पिसासारखा हलका नसतो; पण ओलसर आणि रुचकर असतो. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी त्या वाटेने जावे. यंत्रवाल्यांनी त्यातून एवढेच घ्यावे की पाण्याला भिऊ नये.

बाजारात शुद्ध ग्लुटेनची पूड मिळते, तिच्याविषयीही सांगितले पाहिजे. मी उत्साहाच्या भरात ४० ग्रॅम घातली. पाव झाकणाला टेकला. सर्व घर पाहायला जमले. परंतु तुकडा चावताना रबर ओढल्यासारखे होई, आणि नानांची कवळी दोनदा जागची हलली. हलका दिसणे आणि हलका असणे यांतला भेद मला तेव्हा कळला. आता गहू फारच दुबळा निघाला तर एखादा लहान चमचा घालतो, एरव्ही नाही. काही मंडळी चौथा हिस्सा मैदा मिसळतात. त्यात पाप नाही, पाव निश्चितच उंच होतो. फक्त मग त्याला पूर्ण गव्हाचा म्हणू नये.

दिल्लीच्या हवेने मला एक धडा निराळा दिला. मे महिन्यात मी रात्री सर्व जिन्नस भरून, पहाटे पाव तयार व्हावा अशी वेळ लावून झोपलो. स्वयंपाकघर रात्रीही भट्टीसारखे. यंत्राला गार कणीक उबदार करता येते, तापलेली थंड करता येत नाही. यीस्टने मध्यरात्रीच सारा पराक्रम उरकला आणि भाजण्याची वेळ येईपर्यंत कणीक दमून बसली. सकाळी खचलेल्या माथ्याचा पाव मिळाला. आता उन्हाळ्यात मी बर्फाचे पाणी आणि पाऊण चमचा यीस्ट वापरतो, आणि रात्रीवर काही सोपवत नाही. जानेवारीत उलट. कोमट पाणी, आणि फुगायला वेळ कमी पडला असे दिसले तर यंत्र थांबवून अर्धा तास अधिक, मग नुसत्या भाजण्याची कळ. मध्येच वीज गेली तर काय करावे, हे मात्र मला विचारू नका. एकदा मी ती कणीक काढून तव्यावर थालीपिठे लावली, आणि मुलांनी तोच प्रकार पुन्हा मागितला.

पाव झाला की तो यंत्रात राहू देऊ नये. आतली वाफ त्याचीच साल ओली करते. उलटा करून काढावा, तळाशी अडकलेले पाते ओढून घ्यावे, आणि जाळीवर तासभर तरी निवू द्यावा. ऊन पावाला सुरी लावण्याची घाई ही चांगल्या पावाची माती करणारी गोष्ट आहे. आतला भाग अजून चिकट असतो, तो कापता कापता दबतो. आमच्याकडे ही शिस्त पाळणे कठीण जाते, कारण वास सबंध जिन्यात पसरतो.

नानांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. साडेदहा सेंटिमीटरच्या त्या पावाचे दोन काप मी त्यांच्यापुढे ठेवले आणि मुद्दाम वर्तमानपत्र उघडून बसलो. कापाचा अर्धा भाग चहात गेला. तो मोडून पडला नाही आणि तसाच ताठही राहिला नाही. नानांनी तो खाल्ला. मग दुसरा. मग त्यांनी कप बाजूला ठेवून काप उजेडाकडे धरला आणि त्यातली भोके निरखून पाहिली.

"पोई नव्हे ही," ते म्हणाले.

"नाही नाना."

"अरे, मी तक्रार कुठे करतोय? कडेचा तुकडा कोणाला नको असेल तर इकडे दे."

त्यानंतर वहीत पुष्कळ पाने भरली. या हिवाळ्यात अकरा सेंटिमीटरच्या वर मी अजून गेलेलो नाही, आणि कोंडा सबंध ठेवून त्याच्या फार पुढे जाता येईल असे मला वाटत नाही. हल्ली चाळणीचे काम नानांनी आपल्याकडे घेतले आहे. शनिवारी दुपारी ते खिडकीपाशी बसून पीठ चाळतात, कोंड्याचे वजन करतात आणि माझ्या वहीत आपल्या शिक्षकी अक्षरात लिहून ठेवतात. गेल्या वेळी ते त्रेचाळीस ग्रॅम भरले. पुढे त्यांचा शेरा होता : गिरणीवाल्यास विचारणे.